बालकवी फक्त 'आनंदी आनंद'वाले होते का?

तापीकाठ

गेल्या मे महिन्यात लग्नासाठी जळगावला गेलो होतो. जेवणं उरकली, वऱ्हाड पंख्याखाली आडवं झालं आणि मला काही झोप येईना. चुलतभावाची मोटरसायकल काढली आणि भादली गाठली. जळगाव आणि भुसावळच्या मधलं छोटं स्टेशन. फलाटावर मी, एक कुत्रं आणि नळाखाली रुमाल भिजवून डोक्यावर घेणारा एक शेतकरी, एवढेच. समोरून मालगाडी गेली. डबे मोजायला सुरुवात केली, चाळिशीच्या पुढे नाद सोडला.

५ मे १९१८ ला याच स्टेशनाजवळ त्र्यंबक बापूजी ठोंबरे मालगाडीखाली सापडून गेले. वय २७. आपले बालकवी.

तिथं उभं राहिल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती ऊन. केळीच्या बागा सोडल्या तर नजर टाकावी तिकडे भेगाळलेली काळी जमीन आणि वाळलेल्या काड्या. 'हिरवे हिरवे गार गालिचे' लिहिणारा माणूस या मातीतला! जन्म धरणगावचा, १३ ऑगस्ट १८९०. वडील पोलीस खात्यात, त्यामुळे त्यांची बदली होईल तिकडे बिऱ्हाड. म्हणजे बालपण खानदेशातच भटकण्यात गेलं. कोकणातल्या माणसाला हिरवळीचं अप्रूप नसतं, ती दाराशीच असते. आमच्याकडे तिची वाट बघावी लागते. 'श्रावणमासी हर्ष मानसी' मधला हर्ष मला त्या दिवशी पहिल्यांदा खरा वाटला. आठ महिने तापून निघालेल्या माणसाचा हर्ष आहे तो. शाळेत तो ग्रीटिंग कार्डावरच्या चित्रासारखा वाटायचा.

आता माझं मूळ दुखणं सांगतो. पाठ्यपुस्तकांनी आपल्याला अर्धाच बालकवी दिला. फुलराणी, श्रावणमास, निर्झर, 'आनंदी आनंद गडे'. नावातच 'बाल', म्हणून तो मुलांच्या वाट्याला टाकून आपण मोकळे झालो. पण याच माणसानं

'कोठुनि येते मला कळेना
उदासीनता ही हृदयाला'

लिहिलंय. पडक्या धर्मशाळेच्या कौलांवर बसून एकटंच घुमणारा पारवा त्याचाच. 'खेड्यांतील रात्र' वाचा: उजाड माळ, बुरुजाच्या पडलेल्या भिंती, ओसाड देवळापुढचा वडाचा पार आणि त्याखाली दाटलेला भेसूर अंधार. हे लिहिणारा कवी मुलांचा नाही. खरं तर रात्री मुलांना वाचून दाखवू नये असा आहे.

माझं म्हणणं एवढंच की पुढच्या मराठी कवितेला जो बालकवी उपयोगी पडला तो हा दुसरा. पहिल्याच्या नकला झाल्या, आणि त्या बहुतेक विसरल्याही गेल्या. जाणकारांनी भर घालावी, खोडून काढायचं तर बिनधास्त काढावं.

मोरपिसारा

छान लिहिलंय. वाचनखूण साठवली.

माझी आठवण वेगळी आहे. पाचवीत 'श्रावणमास' पाठ होती. 'सुंदर परडी घेउनि हाती पुरोपकंठी शुद्धमती' ही ओळ आम्ही जोरात म्हणायचो आणि 'पुरोपकंठी' हे त्या मुलीचं नाव आहे असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. शुद्धमती तिची बहीण. दोघी परडी घेऊन निघाल्यात. हसू नका.

निवृत्त मास्तर

@मोरपिसारा, हसत नाही. छत्तीस वर्षं शिकवलं, दर वर्षी वर्गात एक तरी पुरोपकंठी भेटायची. पुर म्हणजे गाव, उपकंठ म्हणजे काठ, वेस. गावाबाहेर, शिवेलगत. निर्मळ मनाच्या मुली गावाबाहेर फुलं-पत्री खुडतायत, इतकंच. श्रावणात पूजेला पत्री लागते ती अंगणात मिळत नाही, शिवारात जावं लागतं.

दुसरी अडचण 'क्षणात येते सरसर शिरवे' ची. मुलं विचारायची, 'येते' एकवचन आणि 'शिरवे' अनेकवचन, हे कसं? जुन्या छपाईत ते 'येतें' आणि 'शिरवें' असं अनुस्वार देऊन असतं. शिरवें म्हणजे पावसाची हलकी सर, नपुंसकलिंगी, एकवचन. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांत असे अनुस्वार गेले आणि मुलांना वाटायला लागलं की बालकवींचं व्याकरण कच्चं होतं!

'सांज अहाहा! तो उघडे' ही ओळ मात्र मलाही पहिल्या वर्षी अडली होती. सूर्य मावळला की काय असं वाटतं न वाटतं, तोच आभाळ उघडतं आणि झाडांच्या शेंड्यांवर, उंच घरांवर पिवळं ऊन पडतं. खिडकीतून तसं ऊन दिसलं त्या दिवशी मी ती ओळ फळ्यावर लिहिली आणि पोरांना बाहेर नेलं. हेडमास्तर बोलले. बोलू देत.

कडूलिंब

सगळे हळवे झालेत तर मी जरा विरजण घालतो.

बालकवी मला झेपत नाहीत. सगळीकडे 'सुंदर', 'रम्य', 'मंगल', 'दिव्य'. वर मोरपिसारा यांनी दिलेलीच ओळ घ्या, सुंदर परडी, पुढे लगेच सुंदर बाला. एका श्लोकात दोनदा सुंदर म्हणावं लागतं म्हणजे दाखवता येत नाहीये. त्यात 'अहाहा'. आज कुणी इथं 'अहाहा' लिहून कविता टाकली तर आपणच त्याला सोलून काढू.

आणि त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षं दिवाळी अंकांतून जे फुलपाखरं-चांदण्या-झरे वाहिले त्याचं पाप कुणाच्या माथी? वारसा म्हणायचा तर तोही मोजा.

तापीकाठ

@कडूलिंब, नकलांचं पाप मूळ कवीच्या माथी मारायचं तर ज्ञानेश्वरांनाही सोडता येणार नाही. 'सुंदर'चा मुद्दा मात्र मान्य. श्रावणमास काही त्याची सर्वांत चांगली कविता नाही. पाठांतराला सोपी आहे म्हणून टिकली.

पण एक बघा, त्याच कवितेत इंद्रधनुष्याला तो 'गोफ दुहेरी' म्हणतो. गोफ म्हणजे विणलेली जाड दोरी, टिपऱ्यांच्या खेळात विणतात तीही. 'दुहेरी' का? तर मोठ्या इंद्रधनुष्याच्या वर कधी कधी फिकट दुसरं दिसतं. हे बघितल्याशिवाय सुचत नाही. सुंदरसुंदर करणाऱ्या माणसाला डोळे होते.

रानवाट

डोळ्यांबद्दल +१.

मी पक्षी बघत फिरतो, कवितेतलं फार कळत नाही. पण फुलराणीतली 'आकाशी चंडोल चालला, हा वाङ्निश्चय करावयाला' ही ओळ माझी आवडती आहे. माळावर सकाळी चंडोल बघितलाय का कुणी? जमिनीवर असताना मातीत मिसळून जातो, शोधून सापडत नाही. मग एकदम उठतो आणि गात गात सरळ वर चढतो, ठिपका होईपर्यंत. वरच्या वाड्यावर सोयरीक ठरवायला निघालेला मध्यस्थ, अगदी तंतोतंत. इंग्रजी कवींच्या स्कायलार्कवरून उचललंय असं कुणीसं म्हणालेलं ऐकलंय. असेल बापडं, पण चंडोल खानदेशातल्या माळावर भरपूर आहेत, तो पक्षी बघायला इंग्लंडला जावं लागत नाही. आणि इंग्रजी लार्क वाङ्निश्चयाला जात नाही!

दुसरी गंमत. १९०७ साली जळगावला पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं, तिथं सतरा वर्षांच्या ठोंबऱ्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली हे सगळ्यांना माहीत आहे. ती देणारे अध्यक्ष कोण? डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे नाव मला कवितेमुळे नाही, वनस्पतींमुळे ठाऊक होतं. भारतीय औषधी वनस्पतींवरचा कीर्तिकर आणि बसूंचा तो जाडजूड ग्रंथ, अजून अभ्यासकांच्या टेबलावर असतो, त्यातले कीर्तिकर तेच. पेशानं लष्करी डॉक्टर, वेड झाडाझुडपांचं, वर मराठी कवितेची हौस. झाडं ओळखणाऱ्या माणसानं झाडांचा कवी ओळखला! तो ग्रंथ छापून आला १९१८ मध्ये. तोवर कीर्तिकर गेलेले होते, आणि त्याच वर्षी बालकवीही गेले.

आसोदेकरीण

भादली म्हणजे आमच्या असोद्याच्या शेजारचंच की हो. माहेर माझं. तापीकाठ, एवढे उन्हात भादलीला गेला आणि असोद्याला नाही आलात, बहिणाबाईंचं माहेर ते!

मला नेहमी वाटतं, १९०७ ला जळगावात कवी जमले, टाळ्या पडल्या, पदव्या मिळाल्या. त्याच जळगावात तेव्हा एक २७ वर्षांची सासुरवाशीण जात्यावर ओव्या रचत बसली होती आणि संमेलनातल्या कुणाला तिचा पत्ता नव्हता. बहिणाबाईंचा जन्म १८८०, बालकवींपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. त्यांचं पुस्तक आलं १९५२ ला, त्या गेल्यावर.

तुलना करू नये म्हणतात, पण मी करते. बालकवींच्या शेतात कुणी काम करत नाही. शेतमळे आहेत, कुरणं आहेत, पायवाट आहे, पण नांगर दिसला का कुठं? घाम दिसला का? बहिणाबाईंकडे पाऊस आला की पेरणी येते, कोंब येतो, मग खळं, मग मोट. माझी आई शेतावर जायची. ती श्रावणमास ऐकून म्हणायची, 'या बाप्याले निंदनी नही वाटते.' श्रावणात निंदणी (तण काढणं) असते, कंबर मोडते. हर्ष मानसी कुठला!

मोरपिसारा

@आसोदेकरीण, तुमच्या आईंचं वाक्य या धाग्यावरची सर्वोत्तम समीक्षा आहे :)

अर्धविराम

उशिरा येतोय, पण औदुंबराशिवाय हा धागा पुरा कसा व्हायचा? आठच ओळींची कविता. ज्यांच्या लक्षात नसेल त्यांच्यासाठी सुरुवात आणि शेवट:

'ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळा सांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन'
...
'झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर'

मधल्या ओळींत पैल टेकडीकडचं चार घरांचं गाव आणि हिरव्या कुरणांतून काळ्या डोहाकडे जाणारी पांढरी पायवाट आहे. तापीकाठ यांचे दोन बालकवी या आठ ओळींत एकत्र राहतात. रंग बघा कसे उतरत जातात. हिरवा, निळासावळा, पुन्हा हिरवा, पांढरा, काळा. डोळा लांबून जवळ येतो, उजेडातून सावलीत, आणि शेवटी एका झाडापाशी थांबतो. त्या काळिम्याला तो 'गोड' म्हणतो. भयाण म्हणाला असता तर कविता तिथंच संपली असती.

आता कडूलिंब यांच्या तक्रारीला उत्तर. या आठ ओळींत 'सुंदर' नाही, 'रम्य' नाही, 'अहाहा' नाही. 'मी'सुद्धा नाही. कवीला काय वाटलं याचा एक शब्द नाही. रोमँटिक निसर्गकविता म्हटली की वर्ड्सवर्थचं नाव येतं, पण त्याच्या डॅफोडिल्स घ्या. फुलं दोन-तीन कडव्यांत आटोपतात आणि शेवटी कवी घरी कोचावर पडून त्या फुलांची आठवण काढत खूश होतो. निसर्ग आपल्याला काय देतो हा तिथला मुद्दा. औदुंबरात देणं-घेणंच नाही. झाड पाण्यात पाय टाकून बसलंय. बास.

म्हणून या झाडाचे शंभर अर्थ लागले. कुणाला तो विरक्त साधू वाटला, कुणाला मृत्यू, कुणाला दत्तगुरू, कुणाला खुद्द कवी. मला विचाराल तर कविता अर्थ सांगत नाही म्हणूनच टिकलीय.

वारशाचं म्हणाल तर माझ्या मते हा धागा मर्ढेकरांकडे जातो. त्यांच्या पहिल्या संग्रहावर, १९३९ च्या 'शिशिरागम'वर, बालकवी आणि माधव ज्यूलियन यांची सावली आहे हे समीक्षक सांगतच आलेत. पण ती वरवरची. खरी उसनवारी नंतरची. भाष्य न करता नुसती चित्रं शेजारीशेजारी ठेवायची आणि बाजूला व्हायचं, ही रीत. 'न्हालेल्या जणु गर्भवतीच्या सोज्वळ मोहकतेने' मर्ढेकरांची माघातली पहाट येते ती मुंबईच्या बंदरावर. झरा गेला, धक्का आला, बघण्याची तऱ्हा तीच. त्यांच्या 'पिपात मेले ओल्या उंदिर' या कवितेपर्यंत जाणारी वाटसुद्धा काळ्या डोहाच्या पायवाटेलाच कुठं तरी फुटते असं मला वाटतं. हे माझं मत, परीक्षेत लिहू नका.

निवृत्त मास्तर

अर्धविराम, 'असला' राहिला. 'बसला असला औदुंबर' याचा अर्थ काय लावता? 'असा हा औदुंबर' की 'बसलेला असावा'? स्टाफरूममध्ये यावरून दोन शिक्षकांचं आठवडाभर बोलणं बंद होतं. त्यातला एक मी.

अर्धविराम

@निवृत्त मास्तर, मी 'असला म्हणजे अशा प्रकारचा' या बाजूचा. बोट दाखवून म्हणावं तसं. हा बघा, असला.

निवृत्त मास्तर

मग आपलंही बोलणं बंद.

सांधेवाला

रेल्वेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीच भुसावळ डिव्हिजनला. कवितेतलं नाही, रुळावरचं बोलतो.

बालकवींनी जीव दिला अशी कुजबुज मी चहाच्या टपरीपासून साहित्यसंमेलनापर्यंत ऐकली आहे. 'उदासीनता' लिहिली, संसार सुखाचा नव्हता, म्हणजे नक्कीच... असा हिशोब. नेहमी सांगितलं जातं ते असं की ते जवळच्या वाटेनं रूळ ओलांडत होते. हे मला अगदी पटतं. लहान स्टेशनावर फाटकापर्यंत वळसा घालून कोण जातो? आजही कुणी जात नाही, दंड बसला तरी.

दोन गोष्टी सांगतो. एक, जिथं गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तो सांधा. तिथं रुळाची निमुळती जीभ असते, ती बाजूच्या रुळाला कधी चिकटते, कधी सुटी होते. त्या फटीत वहाण, बूट, धोतराचा सोगा अडकतो. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, सांध्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून टाकायचा. दोन, माणूस ज्या गाडीकडे बघत असतो तिच्याखाली तो सहसा येत नाही. तो दुसरीखाली येतो. एकीचा आवाज कानात असला की दुसरीचा वेगळा ऐकू येत नाही. त्या दिवशी नक्की काय झालं ते मी सांगू शकत नाही, मी काय तिथं नव्हतो. पण शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाच्या कवितेतून पंचनामा करू नये. उदास ओळी लिहिणारे सगळे रुळावर गेले असते तर गाड्या चालवणं मुश्कील झालं असतं.

तापीकाठ

सांधेवाला, साष्टांग नमस्कार. हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा भारी झालाय.

मांडवी

गोव्याहून सलाम. आमच्या घरी बालकवी पुस्तकातून आलेच नाहीत, रेडिओवरून आले. 'गर्द सभोती रान साजणी, तू तर चाफेकळी'. 'मत्स्यगंधा' नाटकातलं पद, संगीत अभिषेकीबुवांचं, आवाज आशालताबाईंचा. दोघंही आमच्या गोव्याची म्हणून आई रेडिओचा आवाज वाढवायची. हे पद बालकवींचं आहे हे मला कॉलेजात कळलं. नाटक आलं १९६४ ला, कवी जाऊन ४६ वर्षं झालेली. पण एकदा नीट ऐका, त्या गाण्यातही रान 'गर्द' आहे आणि त्यात मुलगी एकटी आहे. पहिल्या ओळीपासून पोटात खड्डा पडतो. लहानपणी आईला विचारलं होतं, ही तिथं का गेली? आई म्हणाली, गाणं आहे ते, गप ऐक.

'ती फुलराणी'चं नाव तर सगळ्यांना माहीतच आहे. पुलंनी १९७५ मध्ये शॉच्या नाटकाला मराठी केलं तेव्हा फूल विकणाऱ्या मुलीला दुसरं कुठलं नाव शोभलं असतं?

दूरदेशी

मी इंग्लंडमध्ये असतो. मागच्या वर्षी ग्रासमिअरला वर्ड्सवर्थचं घर बघून आलो, डव्ह कॉटेज. काळवंडलेल्या लाकडाच्या खोल्या, ठेंगणी दारं, माझं डोकं दोनदा आपटलं. मार्गदर्शक बाईंनी एक मजेची गोष्ट सांगितली. डॅफोडिल्स कवीनं एकट्यानं बघितलीच नव्हती. बहीण डोरोथी सोबत होती आणि तिनं १५ एप्रिल १८०२ च्या रोजनिशीत ती फुलं आधी टिपून ठेवली होती. कवितेत मात्र तो ढगासारखा एकटा भटकतो! बहिणीला गाळलं.

वर्ड्सवर्थ ८० वर्षं जगला, राजकवी झाला, शेवटी शेवटी कंटाळवाणंही लिहिलं. कीट्स २५, शेली २९, आपला २७. बालकवी ऐंशीपर्यंत जगते तर १९७० पर्यंत असते. मर्ढेकरांना भेटले असते, कदाचित रेडिओवर मुलाखत झाली असती. 'आपण औदुंबरात काय म्हणायचा प्रयत्न केलात?'

कडूलिंब

@दूरदेशी, आणि ते म्हणाले असते, 'अहाहा.'

सुगरणीचं घरटं

डोरोथीवरून आठवलं. बालकवींच्या गोष्टीतही एक बाई आहे, आणि तिला कुणी गाळू शकणार नाही कारण तिनं स्वतः लिहून ठेवलंय. लक्ष्मीबाई टिळक. जळगावच्या संमेलनालाच रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंची या मुलाशी गाठ पडली आणि पुढे तो नगरला त्यांच्या घरी राहिला. 'स्मृतिचित्रे'मध्ये तो 'ठोमरे' म्हणून येतो (आडनाव दोन्ही तऱ्हेनं लिहिलेलं सापडतं). ब्राह्मणाचा मुलगा ख्रिस्ती झालेल्या कुटुंबात राहतो ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट, पण लक्ष्मीबाईंच्या लिहिण्यात तिचा बाऊ नाही. घरातलं आणखी एक हट्टी, हळवं लेकरू, एवढंच.

मला वाटतं बालकवींवरचा टिळकांचा प्रभाव आपण नीट मोजत नाही. फुलामुलांचे कवी म्हणून आधी टिळकच ओळखले जायचे. केशवसुतांनी दार उघडलं, टिळकांनी आत घेतलं, जेवायला वाढलं. शाळा अर्धवट राहिलेल्या मुलाला इंग्रजी कविता थेट कितीशी भेटली असेल? रोमँटिक वारं त्याच्यापर्यंत आलं ते या घरांतून, मराठी होऊन. म्हणून त्याची फुलराणी लाजते, तिचा वाङ्निश्चय होतो आणि लग्न थाटात लागतं.

अर्धविराम

सुगरण, फार नेमकं. त्यात भर: केशवसुत फैजपूरला हेडमास्तर होते, गेलं शतक नुकतं सुरू झालं तेव्हा. मर्ढेकरांचा जन्म १९०९ चा, तोही फैजपूरचा. मधे धरणगाव, असोदे, भादली. एवढ्याशा पट्ट्यात आधुनिक मराठी कवितेचा निम्मा नकाशा बसतो. पुण्यामुंबईच्या लोकांनी माफ करावं.

आसोदेकरीण

आणि महानोर? पळसखेडं अजिंठ्याच्या डोंगराकडे, आमच्यापासून फार लांब नाही. १९६७ च्या 'रानातल्या कविता' मध्ये रान बालकवींइतकंच हिरवं आहे, पण तिथं माणूस राबतो. माझ्या आईला ते चाललं असतं.

रानवाट

तापीकाठ, एक राहिलं. तुम्ही भादलीला गेलात, आजूबाजूला उंबर दिसला का? मे महिन्यात फळं लागलेली असतात, पक्ष्यांची गर्दी असते. उंबर बहुतेक पाण्याच्या आसऱ्यानं उगवतो. आमच्याकडे म्हणतात, उंबर दिसला की खाली पाणी आहे समजावं.

तापीकाठ

दिसला होता, लिहायचं राहिलं कारण तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. स्टेशनावरून परत येताना रस्त्याच्या उजव्या हाताला एक नाला आहे. पूर्ण कोरडा, तळाशी वाळू आणि प्लास्टिकच्या पिशव्या. काठावर उंबर. पुरानं माती धुऊन नेलेली, त्यामुळे मुळं उघडी पडून खाली वाळूपर्यंत आलेली. पाणी नव्हतं, पाय मात्र टाकलेले होते. खोडाला लालसर फळं चिकटलेली, साळुंक्यांचा गोंधळ, खाली बकऱ्या. मी गाडी उभी करून पाणी प्यायलो. फोटो काढायचं सुचलं नाही.

निवृत्त मास्तर

उजव्या हाताला म्हणजे जळगावकडे येताना ना? नातू जळगावला इंजिनिअरिंगला आहे. पाऊस सुरू झाला की त्याला पाठवतो फोटो काढायला. नाल्याला पाणी असलं तर.

आसोदेकरीण

जुलैच्या शेवटी पाठवा. आणि त्याला सांगा, जेवायला असोद्याला या. भरीत तर हिवाळ्यातलंच खरं, पण शेवभाजी बाराही महिने मिळते.